पिवळ्या दिव्यावरचं कुंकू

चिकलठाण्याच्या एका बियाणे कंपनीत श्रीनिवास पाठक संगणक विभाग सांभाळत. आजोबा पंचांग सांगायचे, वडील कचेरीत कायदा सांगायचे, श्रीनिवासराव संगणक सांगत. 'ठाऊक नाही' असं या घराण्यात कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

विभागात फ्रिजएवढी टेप लायब्ररी होती. कंपनीच्या साऱ्या माहितीची राखीव प्रत टेपच्या डब्यांवर उतरायची. आतला यांत्रिक हात डबी उचलून टेपवर लिहिणाऱ्या दोनपैकी एका ड्राइव्हमध्ये सारायचा. यंत्राची तब्येत कळायची ती अंगावरच्या छोट्या पडद्यावर, नाहीतर संगणकावर उघडणाऱ्या त्याच्या पानावर.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ठेक्यावरची ऑपरेटर दीपमाला म्हणाली, "सर, पडद्यावर 'रेडी' हाय, पण कंप्युटरवर 'डिग्रेडेड' दावतंय. पिवळा दिवा बी लागलाय. कोनतं खरं धरायचं?"

दोन्ही खरंच होतं. 'रेडी' म्हणजे हात हुकमाची वाट पाहत उभा. 'डिग्रेडेड' म्हणजे यंत्र चालू, पण एखादा अवयव निकामी. इथं एक ड्राइव्ह गेला होता. श्रीनिवासरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणून ते ठामपणे म्हणाले, "वय झालंय त्याचं. मीही डिग्रेडेडच आहे, येतो ना रोज कामाला? पडद्यावरचं धर."

"इंजिनिअरला फोन लावू का?"

"दिवा दिसला की फोन लावायचा, तर दिवाळीत काय करशील?"

दीपमाला हसली. साहेबांच्या विनोदाला हसणं ठेक्यातच येतं.

दुसऱ्या दिवशी पूजेत श्रीनिवासरावांनी यंत्राला झेंडूचा हार घातला. फोटोत तो पिवळा डोळा बरा दिसेना, म्हणून कुंकवाचं जाड बोट नेमकं त्याच्यावर टेकवलं. पूजेचं कुंकू पुसायला आपल्याकडे कुणी धजत नाही.

संक्रांतीनंतर सर्व्हर बसला. टेपा काढून पाहिल्या, तर तुरीच्या नव्या वाणांची फुलोऱ्यापासूनची निम्मी निरीक्षणं कुठंच नव्हती. मेलेल्या ड्राइव्हच्या वाट्याची कामं झालीच नव्हती. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं अंगठ्यानं कुंकू खरवडलं. खाली दिवा इमानेइतबारे जळत होता.

"हे कुणी लावलं?"

व्यवस्थापक सर्जेराव दीपमालाकडे वळले. "यंत्रापाशी रोज तूच असतीस ना? डोळे काय घरी ठेवून येतीस? ठेका संपतोय ते बरंच झालं."

दीपमालानं श्रीनिवासरावांकडे पाहिलं. ते एसीचं तापमान वाचत होते.

त्या दिवशी पुंडलिकनगरच्या घरी जेवताना उमाबाईंनी विचारलं, "वरण कसं झालंय?"

"छान."

मीठ घालायला त्या विसरल्या होत्या. नवऱ्याकडे जरा वेळ बघून त्यांनी मीठ पुढं सरकवलं. श्रीनिवासरावांनी ते भातावर घेतलं आणि ताट तसंच सारून उठले.

सकाळी ते सर्जेरावांसमोर उभे राहिले. "कुंकू मी लावलं. तिनं विचारलं होतं, फोन लावू का म्हणून. मीच नको म्हणालो."

"पाठकसाहेब, वर कळवून झालंय राव. आता नाव बदललं तर मी तोंडावर पडतो. तुमची थोडी वर्षं राहिलीत, निवांत काढा."

फार सोयीचं होतं. श्रीनिवासराव दारापर्यंत गेले, दाराची कडी धरून थांबले आणि म्हणाले, "मग वर मीच जातो."

दीपमालाचा ठेका वाढला. विभाग एका तरुणाकडे गेला, आणि श्रीनिवासरावांची खुर्ची सरकत सरकत प्रिंटरशेजारी आली. दीपमालानं आभार मानले नाहीत. ती तिथं कागद घ्यायला आली, तेव्हा एवढंच विचारलं, "तवा तुमाला ठाव तरी व्हतं का सर, डिग्रेडेड म्हंजी काय?"

"नव्हतं."

"मंग तसं म्हनायचं की. म्या लावला असता फोन."

प्रिंटरनं दोन कागद बाहेर टाकले. ते तिनं जुळवून घेतले.

"तुरीचं काय हो आता?"

"पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरणार आहेत."

"अन् औंदाचं?"

"औंदाचं गेलं," श्रीनिवासराव म्हणाले.