जर्मनीचा लाल रंग

बोलता बोलता रंगारीचाचा कपाळाच्या घामावरून अंगठा फिरवायचे आणि समोरच्याच्या अंगावरच्या कपड्याचं टोक चोळून बघायचे. रंग अंगठ्याला लागला की मान हलायची, "कच्चा हाय." कपडा कुणाचा, हे ते पाहत नसत. एकदा आमच्या दुकानात मामलेदार बसले होते. त्यांच्या फेट्याचा शेमला चाचांनी असाच चोळला आणि लाल झालेला अंगठा त्यांच्याच पुढे धरला. मामलेदार हसले म्हणून निभावलं.

वाईत आमचं कापडाचं दुकान होतं. लग्नाची लुगडी, फेटे, उपरणी रंगवायला चाचांकडे जायची. नदीच्या घाटाच्या वरच्या अंगाला त्यांची भट्टी आणि तांब्याचे दोन मोठे हंडे. हंड्यात काठी फिरवायला त्यांचा एकुलता मुलगा यासीन असे. तो माझ्याच वयाचा, विशी ओलांडलेला.

लाल रंग पत्र्याच्या डब्यातून यायचा, थेट जर्मनीहून. जर्मनी कुठे आहे हे चाचांना ठाऊक नव्हतं, पण त्या मुलखाबद्दल त्यांना फार आदर. "तिकडली माणसं लबाडी करत न्हाईत, बापू. लुगडं फाटंल, पर रंग हलायचा न्हाई."

श्रावण सरता सरता दुसरं महायुद्ध सुरू झाल्याची बातमी आली. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानात वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. इंग्रज आणि जर्मन यांत कोण हरणार यावर जो तो बोलला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डबा कवा येणार?"

आम्ही हसलो. तुम्हीही हसला असता.

दिवाळीपर्यंत हसू मावळलं. मुंबईच्या दलालानं कळवलं, जर्मन माल बंद. बदली म्हणून त्यानं दुसराच कुठलातरी रंग पाठवला. चाचांनी तुकडा रंगवून धुतला. पाणी लाल झालं, तुकडा गुलाबी उरला. तेवढ्यात तुळशीचं लग्न उरकलं आणि लग्नसराई आली. गिऱ्हाइकाला चाचा आधीच सांगून टाकायचे, "हा रंग जाणार हाय. घेऊ नका."

मी वैतागलो. "चाचा, सगळ्या बाजारात आता हाच रंग आहे. गप बसून द्या की."

"लग्नाचं लुगडं हाय, बापू. पोरगी सासरी जाऊन धुवंल, तवा तिला सांगायला मी तितं असतोय व्हय?"

आण्णांनी एकदा सुचवलं, "तुमचे वडील मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल काढायचे. त्यांचं उपरणं अजून माझ्या पेटीत आहे, जसंच्या तसं."

चाचा खाली बघत म्हणाले, "अब्बा शिकवत हुते. मीच म्हणालो, मुळ्या कोण कुटत बसतंय, डबा हाय की." तरी त्यांनी करून पाहिलं. मुळ्या आणल्या, कुटल्या, तुरटी कधी जास्त टाकली, कधी कमी. कापड दर वेळी विटकरी निघालं. शेवटी हंडा आडवा करून त्यांनी सगळं ओतून दिलं.

भट्टी आठवड्यातून एखाद्या दिवशी पेटू लागली. मग यासीन कुणाला न सांगता साताऱ्याला गेला आणि पलटणीत नाव घालून आला. त्यानं बापाला सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो.

"मला इचारायचं तरी."

"तुमी न्हाई म्हणला असता."

"व्हय. म्हणलो असतो."

"मग हितं बसून काय करू, अब्बा? तुमीच सांगा."

चाचांनी हंड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

बोटीवर चढण्याआधी यासीन दोन दिवसांच्या रजेवर आला, खाकी कपड्यात. कडक दिसत होता. चाचा उठले. कपाळावरून अंगठा फिरवून त्यांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर चोळली, जोर लावून पुन्हा चोळली. अंगठा कोरा.

"पक्का हाय," ते म्हणाले. मग मला विचारलं, "ह्यो रंग ह्यास्नी कुटनं मिळतुया, बापू?"

यासीन मोठ्यानं हसला. चाचा हसले नाहीत. त्यांनी कॉलर सोडलीही नाही.

उन्हाळ्यात चाचांनी भट्टी बंद केली आणि सांगलीला लेकीकडे राहायला गेले. यासीनची पलटण आफ्रिकेत उतरल्याचं आम्हाला उडत उडत कळलं होतं. तो तिकडेच लढाईत पडला, ही पुढे आलेली बातमी मात्र पक्की होती. आण्णा आणि मी सांगलीला गेलो. बाहेर तांबं घासत बसलेली लेक हळूच म्हणाली, "त्यास्नी समदं ठावं हाय. पर तोंडातनं काढत न्हाईत. तुमीबी काढू नका."

आम्ही काढलं नाही. चहा झाला. चाचांनी पाऊसपाण्याचं विचारलं, वाईच्या एकेका माणसाची खुशाली विचारली. आण्णा सांगत राहिले. ज्यासाठी आलो होतो ते सोडून सगळं बोलून झालं.

निघताना चाचांनी माझं मनगट धरलं. काही बोलतील म्हणून मी थांबलो. टांगेवाल्यानं दोनदा हाक मारली.

"अब्बा, त्यांची गाडी चुकंल," लेक म्हणाली.

"व्हय, व्हय," चाचा म्हणाले, आणि तसेच धरून राहिले.