रुख्माचा फोटो साफ होता

कुकरची दुसरी शिटी व्हायची होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात मुरमुरेवाली रुख्मा. मला नवल वाटलं, कारण ती कधी दार वाजवत नाही. सौंदडच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की हाक देते, आणि आम्ही बायका डबे घेऊन निघतो.

"आज हाक काऊन नाही मारली?"

"दम पुरत नाही, वहिनी." टोपली उतरवून ती पायरीवरच बसली. पाय सुजलेले, जोडवी बोटांत रुतलेली.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती भट्टीपुढे बसते आहे. मुठीमुठीनं धानाचं तूस आत सारायचं, वाळू तापली की तांदूळ फुलवायचे. धूर जायला वाट नाही. थंडीत तर त्याच धुमसत्या विस्तवाशेजारी झोपायचं. ऊब कशाला वाया घालवायची.

मागल्या वर्षी छातीचा फोटो काढला. त्यात फारसं काही निघालं नाही. तेवढं नवऱ्यानं, उदारामनं, धरून ठेवलं. पाहुण्यांसमोरही म्हणतो, "फोटो साफ आहे. काम दिसलं का दम लागते हिले, जेवाले बसली का नाही लागत."

गेल्या आठवड्यात मीच तिला गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, हृदयाची इको केली. म्हणाले, धुरानं फुप्फुसं तर खराब झालीच, पण त्यांतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तरही बिघडलंय. रुख्मा माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, धुतल्यावर ब्लाउजचं अस्तर आटतं बघ. वरून कापड धड दिसतं, पण अंगात शिरत नाही. तसं. रक्ताला वाट पुरत नाही, हृदय ढकलून ढकलून थकतं, पाय सुजतात. साध्या फोटोत हे दिसेलच असं नाही.

"उसवून दुसरं नाही लावता येत का?" तिनं डॉक्टरांनाच विचारलं.

नाही, म्हणाले. औषधं, ऑक्सिजन, आणि धूर बंद. उरलंय तेवढं सांभाळायचं.

आज टोपलीतले मुरमुरे अजून कोमट होते. म्हणजे पहाटे भट्टी पेटलीच.

"घरी सांगितलं नाहीस?"

"सांगतलं ना. म्हणे, तुले काय समजते डॉक्टरचं."

मी चहा दिला. एकेक घोट घेऊन ती थांबत होती. कप निम्मा तसाच खाली ठेवला.

"बरी तर मी होत नाही, वहिनी. तेवढं समजलं मले."

मी कप उचलून पुन्हा तिच्या हातात दिला. खोटं काय बोलणार?

"तुम्ही एकदा घरी या," ती म्हणाली. "त्यायले एवढंच सांगा, का रुख्मा ढोंग नाही करून राहिली."