बारा चिठ्ठ्या

ही गोष्ट मी आजवर तोंडातून काढलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि प्रार्थनेत — प्रार्थनेत तर मी तिला वळसा घालूनच जाते. सात वर्षं झाली. मला रडतकढत बोलायला जमत नाही, तेव्हा सरळ सांगते. म्हणजे, प्रयत्न करते.

आधी आमच्या घरच्या उपासनेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्यांचं चर्च सुटलं. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मंडळीतले काही जण आमच्याकडे, धायरीच्या फ्लॅटवर जमू लागले. पहिला महिनाभर ढोलकी होती, टाळ्या होत्या, एकेक गीत चार-चारदा होतं. मग एक दिवस खालच्या मजल्यावरचे काका वर आले. दारातच उभे राहून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "वहिनी, एक शंका होती. आपला देव कमी ऐकतो का?"

ढोलकी बंद झाली. लोक म्हणतात, शांत उपासना ही मला झालेली प्रेरणा. प्रेरणा कसली? सोसायटीची तक्रार होती.

मी एका शाळेत पर्यवेक्षिका आहे. वेळापत्रक आखणं हे माझं काम. तशीच ही उपासना आखली, पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीने. सोफा गॅलरीत सरकवायचा, खाली सतरंज्या. दाराशी पाण्याचं घंगाळ — आल्यावर हात धुवायचे आणि आठवडा तिथंच सोडायचा. कोपऱ्यात गोटे ठेवलेले, एकेकाने एक उचलायचा, जी चिंता असेल ती मनात धरून तो लाकडी क्रुसापाशी ठेवायचा. मग दहा मिनिटं शांतता. वेळ लावायला कुकरशेजारचं घड्याळ, टॉवेलात गुंडाळलेलं, म्हणजे वाजलं तरी कोणी दचकायला नको. आणि शेवटी टोपली.

टोपलीत बारा चिठ्ठ्या, कारण आम्ही बारा जण. प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातलं एक वचन, माझ्या हस्ताक्षरात. न बघता एक उचलायची, मनात वाचायची, घडी करायची. आपलं वचन कोणी कोणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. नवरा-बायकोनेही नाही. हा नियम माझा. एकाने सांगितलं की बाकीचे त्यावर प्रवचन देतात, आणि मला सात वाजता चहा टाकायचा असतो. एवढंच कारण होतं त्याचं. तेव्हा तरी एवढंच होतं.

लोकांना ते आवडलं. मला वाटलं होतं त्याहून जास्त. थोरातकाका, आयुष्यभर पोस्टात काम केलेले गृहस्थ, गोटा हातात धरून ढसाढसा रडले. मी चहा टाकायला उठले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळेना.

आता शीलाताईंबद्दल. — बघा, इथवर येईपर्यंत मी केवढं बोलले.

शीलाताई माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही. नर्स होत्या, आई अंथरुणाला खिळल्यावर मुदतीआधी नोकरी सोडून आमच्याकडे आल्या. दर दोन तासांनी आईला कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, पाठीला पावडर, चादरी — सगळं त्या. मी? मी डब्यात भाजी भरून शाळेत जायची. परत आल्यावर दारातून विचारायची, "आई, बऱ्या आहात ना?" आतला वास मला सहन होत नसे. हे मी कधी बोलले नाही, पण ताईंना ठाऊक असणार. मी घरात शिरले की त्या खोलीचं दार अलगद ओढून घ्यायच्या.

ताईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मिरजेचे एक जाधव सर मोतीबिंदूसाठी त्यांच्या वॉर्डात होते. निवृत्त चित्रकला शिक्षक, विधुर, आमच्याच पंथाचे. मग फोन सुरू झाले. पुण्याला आले की घरी यायचे, सासूबाईंना पेन्सिलीने फुलं काढून द्यायचे. एकदा सासूबाईंनी वाकड्या तोंडाने, कष्टाने, पण स्पष्ट म्हटलं, "माणूस बरा आहे गं." ताई चोपन्न वर्षांच्या होत्या, आणि लाजल्या.

सरांनी रीतसर विचारलं. ताई माझ्याशी बोलल्या, स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता.

"रेखा, मला जावंसं वाटतंय. पण आईचं काय?"

मी काय म्हणायला हवं होतं? 'जा ताई, आईंचं आम्ही बघू' — हे एक. 'नका जाऊ, मला हे जमणार नाही' — हेही चाललं असतं, निदान खरं असतं. बाई ठेवता आली असती. दोघांचे पगार होते. मी म्हटलं, "प्रार्थना करा." प्रार्थना करा! जणू मला त्यात काही म्हणायचंच नव्हतं.

त्या म्हणाल्या, "शनिवारी चिठ्ठी उचलीन. देव सांगेल तसं."

शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कात्री घेऊन बसले. बारा चिठ्ठ्या कापल्या. पहिलीवर एक वचन लिहिलं. ज्या जागी ठेवलं आहे तिथंच राहावं, अशा अर्थाचं. ते अशा प्रसंगासाठी लिहिलेलं नाही हे मला चांगलं माहीत होतं. मग दुसरी चिठ्ठी घेतली, आणि तिच्यावर — तेच वचन लिहिलं. तिसरीवरही. बारांवर तेच. अक्षर नेहमीसारखंच आलं. तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीला थांबता आलं नसतं का? आलं असतं. मी फक्त शाई वाळायची वाट बघत होते.

पकडले जाणार नाही, हेही माहीत होतं. कोणी कोणाला सांगायचं नाही, हा नियम माझाच होता ना.

संध्याकाळी टोपली फिरली. ताईंनी डोळे मिटले आणि हात आत घातला. इतर जण पटकन उचलतात. त्या कितीतरी वेळ बोटांनी चाळवत राहिल्या. एक धरली, सोडली. दुसरी धरली. बारा सारख्या चिठ्ठ्यांमधून त्या निवड करत होत्या, आणि मी समोर मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून, ध्यानात बसल्यासारखी बसले होते.

वाचून त्यांनी चिठ्ठीची चौघडी केली. आतून सासूबाई कण्हल्या. ताई उठून आत गेल्या.

माझी चिठ्ठी मी बटाट्याच्या सालांबरोबर टाकली. नवऱ्याची सोमवारी त्याच्या शर्टाच्या खिशात सापडली. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी मीच काढली. पुढच्या शनिवारी थोरातकाका चपला काढता काढता म्हणाले, "सलाम, रेखाताई! नियम मोडत नाही, पण गेल्या खेपेचं वचन अगदी माझ्यासाठीच होतं हो." मी म्हटलं, "हात धुवा, काका."

ताईंनी रविवारीच मिरजेला फोन केला होता. मी ओट्याशी होते, त्या गॅलरीत. त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही सर... नाही, कोणी अडवलं नाही... देवाचीच इच्छा तशी दिसते." मग, "थेंब घालताय ना डोळ्यांत वेळेवर?"

कोणी अडवलं नाही. ऐकलंत ना तुम्ही?

सासूबाई आणखी तीन वर्षं जगल्या. त्या तीन वर्षांत मी त्यांना एकदाही कुशीवर वळवलं नाही. जाधव सरांनी दीड वर्षाने लग्न केलं. फोटो ताईंच्या फोनवर आला. ठेंगणी, हसरी बाई, आणि तिची पर्स सरांनी स्वतःच्या हातात धरलेली. ताईंनी मला फोटो दाखवला. "छान दिसतात ना दोघं?" मी म्हटलं, छान दिसतात. त्यांनी दोन फुलं पाठवली आणि फोन चार्जिंगला लावला.

मला वाटलं होतं, सासूबाई गेल्या की हे संपेल. त्याच वर्षी मंडळीतून विचारणा आली, मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन म्हणून जाल का? ताईंना मुली आवडतात. मी स्वतः आग्रह केला, अगदी मनापासून केला. त्या म्हणाल्या, "अगं, मला कुठं राहायचं ते सांगून झालंय. मला काही वेगळं सांगितलेलं नाही अजून." ती चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून घेतली आहे. शास्त्रात खूण म्हणून ठेवतात. रोज सकाळी माझं हस्ताक्षर बाहेर काढतात आणि परत आत ठेवतात. महिलांच्या सभेत साक्षही दिली: घरची सोपी उपासना, पण देव कसा नेमकं बोलतो! बायका मला येऊन विचारतात, टोपली कुठून घेतली?

सांगायचं धैर्य का होत नाही? त्या रागावतील म्हणून नाही. रागावल्या तर बरंच. पण त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत, आणि त्या चिठ्ठीवर त्यांनी सात वर्षं उभी केली आहेत. — हेही पुन्हा त्यांच्या भल्याचं बोलल्यासारखं झालं. तसं नाही. मला त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, एवढंच आहे. तेव्हाही एवढंच होतं.

उपासना चालू आहे. कोणी गेलं, कोणी नवीन आलं, आकडा बाराच राहिला. त्यानंतरची एकही चिठ्ठी मी दुसरीसारखी लिहिलेली नाही. पण टोपली ताईंपर्यंत येते, तेव्हा त्या आत हात घालत नाहीत. "माझं मला मिळालंय," म्हणतात आणि हसून माझ्याकडे सरकवतात. मी घेते.

उद्या शनिवार. चिठ्ठ्या कापून झाल्या आहेत. अकरा.