आजा, बाप आणि लेक

खंडेनवमीला सर्व्हरवर नारळ फोडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर माझा जुना फोटो दाखवते. केसांत गजरा, गळ्यात ओळखपत्र, आणि चेहऱ्यावर असं तेज की संगणकाचा शोध मीच लावलाय. धाराशिवच्या आमच्या संस्थेत म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या जपून ठेवल्या होत्या. मी तिथली प्रमुख. अक्कल सोडून बाकी सगळं माझ्या ताब्यात होतं.

ते आवाज खरे सांभाळायचे आमचे आजा. वयानं माझ्याहून लहान, पण नाव पडलं ते त्यांच्या एका नियमावरून. मूळ कॅसेटा बुरशीनं कधीच गेल्या होत्या. ओव्या सर्व्हरमध्ये होत्या आणि त्यांची नक्कल टेपांवर. "रोजची टेप म्हणजे लेक, आठवड्याची बाप, महिन्याची आजा," ते समजावायचे. "लेकाला पुसून परत वापरायचं, बापाला जरा दमानं. आजा मात्र गावाबाहेर ठेवायचा. घर जळालं तरी खानदान उरतं."

म्हणून महिन्याची टेप स्टीलच्या डब्यात घालून ते एसटीनं अणदूरला स्वतःच्या घरी न्यायचे. "आज भाजी टेपची का?" असं मी सगळ्यांसमोर विचारायची. ते हसायचे नाहीत. आमच्याकडची पहिली ओवी त्यांच्या आईची होती, आणि आई आता राहिली नव्हती.

टेप वाचायची यंत्रं त्यांनी दोन मागितली होती. "एकच दार हाय बाई. ते अडकलं तर आतलं आत, बाहेरचं बाहेर." मी एकच घेतलं आणि उरलेल्या पैशात पाहुण्यांसाठी सोफा आणला. त्या सोफ्यावर पाहुण्यांपेक्षा मीच जास्त बसले.

मग ती खंडेनवमी. सगळ्या टेपा पूजेला मांडायच्या असं माझ्या डोक्यात आलं, अणदूरच्या डब्यासकट. आजा म्हणाले, "तेवढा डबा घरी राहू द्या, बाई." ते बौद्ध, घरी पूजाअर्चा नाही. मला वाटलं, दुखणं तिथंच आहे. "तुमचा विश्वास नसेल, आमचा आहे," मी भर ऑफिसात बोलले. डबा आला. मी मनसोक्त हळद-कुंकू उधळलं, यंत्राच्या फटीतही. नारळाचं पाणी सर्व्हरच्या पोटात गेलं ते प्रसाद म्हणून असावं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हर उघडेना. आजा सुट्टीवर, अणदूरला. फोनवर म्हणाले, "एक टेप अडकली की हात काढा. दुसरी घालू नका. म्या निघालोच." पण ते येण्याआधी सगळं सुरळीत करून दाखवायचं, अशी मला खुमखुमी. लेक घातला. खरखर आवाज आला आणि टेप चुरगळून बाहेर. टेपच खराब असेल म्हणून बाप घातला. मग पूजेतच राहिलेल्या डब्यातला आजा. मग डब्यात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. हळदीनं प्रत्येकीला सारखंच सोललं.

आजा आले तेव्हा मी सोफ्यावर बसले होते. त्यांनी यंत्र उघडलं, बोटाला पिवळं लागलं ते पाहिलं आणि रुमालानं पुसलं. पुण्या-मुंबईला पाठवूनही सर्व्हरमधून की त्या टेपांतून काही निघालं नाही. माती परत उकरता येते, मेलेली म्हातारी परत गात नाही. वर चौकशी झाली. "टेपांचा जिम्मा त्यांचा होता," असं मी लिहून दिलं. खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागतं. त्यांना घरी बसवलं आणि मला बढती दिली.

पुढं कधीतरी मी खंडोबाला अणदूरला गेले, तेव्हा त्यांच्या दारात थांबले. माझी नातवंडं आता मला विचारतात, आजी, तू एवढी हुशार होतीस का? त्यांना फोटो दाखवते, ही गोष्ट सांगत नाही. त्या दिवशी आजांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"म्या पूजेला न्हाय म्हणत नव्हतो, बाई. माझ्या मायला घरी राहू द्या म्हणत होतो."