छतावरची बंद झडप

बारांकिया या दमट बंदराच्या शहरात ऑफिसची इभ्रत एसीच्या थंडीवर ठरते. पाहुण्याला दारातच हुडहुडी भरली पाहिजे. बाहेर अंगाची लाही होत असताना आत बाया स्वेटर घालून बसतात. एका विमा कचेरीतल्या या थंडीचा धनी निकानोर ओस्पिनो, वीस वर्षं तिथला एसी मिस्त्री. पेन्शनला आठ महिने उरले होते.

मार्चमध्ये नव्या मॅनेजर ग्रासिएलाबाई म्हणाल्या, "मिस्त्री, विजेचा वापर तिसऱ्या हिश्शानं खाली आणा. नाहीतर मी दुसरा माणूस बघते. आणि थंडी तशीच हवी."

म्हणजे गाय उपाशी ठेवायची आणि दूध तेवढंच मागायचं. निकानोरनं फिल्टर धुतले, गळती बुजवली, पण विजेचा वापर जेमतेम घटला. शेवटी छतावर जाऊन त्यानं बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद करून टाकली. ती दमट हवा गार करण्यातच बरीचशी वीज जायची. मीटरचा वेग झपकन उतरला. बाईंनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली.

पंधरा दिवसांत दुपारी तीनच्या सुमाराला चौथा मजला पेंगू लागला. डोकी ठणकू लागली. हवेवर कुणाचाच संशय गेला नाही. गार ती चांगली, हे इथलं बाळकडू. उलट लोक म्हणायचे, "मिस्त्री, अजून एक डिग्री उतरवा की, गुदमरतंय." तो उतरवत राहिला. त्याला सगळं कळत होतं आणि तो गप्प बसला, हे झाकून चालणार नाही.

गुरुवारी चार वाजता मुख्य कचेरीतले साहेब ही बचत बघायला येणार होते. तीन वाजता चौथ्या मजल्यावरची यादिरा, सहा महिन्यांची गरोदर, खुर्चीवरून उठता उठता कोसळली. मदतीला धावलेल्यांनी दार उघडंच टाकलं.

"दार लावा, थंडी जातेय," ग्रासिएलाबाई म्हणाल्या.

यादिरानं डोळे उघडले, तेव्हा निकानोर तिच्याजवळ बसला होता. "माझंच चुकलं, मिस्त्री. सकाळी न्याहारीला मक्याचा बोयो अर्धाच खाल्ला."

निकानोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझं काही चुकलं नाही, पोरी. बाहेरची हवा मी बंद केलीय. महिनाभर तुम्ही सगळे एकमेकांचा उच्छ्वास ओढताय."

बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "साहेब जाईपर्यंत आकडे तसेच राहू देत. पेन्शनपर्यंतचे महिने काढायचेत ना तुम्हाला?"

तो छताचा जिना चढला.

साहेब आले तेव्हा काचांवर दव धरलं होतं, मीटर पुन्हा जोरात पळत होता आणि चौथा मजला कुरकुरत होता, "मिस्त्रीनं थंडी घालवली." बाईंनी तिथल्या तिथे किल्ल्या मागितल्या. निकानोरनं त्या टेबलावर ठेवल्या. झडप सताड उघडून, ती पुन्हा कुणाला बंद करता येऊ नये म्हणून तिची मूठ त्यानं छतावरच करवतीनं कापून खिशात घातली होती.