दादाची कवळी

चाळीस वर्षांपूर्वी एका बँडच्या गाण्यावर अख्खं शहर नाचलं होतं. त्या गाण्याच्या सुरुवातीचं ट्रम्पेट माझ्या दादाचं. जेमतेम बारा सेकंद, पण तेवढ्यावर पोरी भाळल्या आणि दादा हवेत गेला, तो दहा वर्षं खाली आलाच नाही. मग बँड फुटला. दादा वाद्यांच्या दुकानात चेपलेल्या नळ्या सरळ करायला लागला. लोक हळहळायचे, त्याला मात्र काही वाटायचं नाही. दुकान उघडण्याआधी तासभर वाजवायचा आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खायचा.

गेल्या वर्षी त्याचे वरचे दात गेले. ट्रम्पेट ओठांवर दाबून फुंकायचं, तेव्हा ओठांना मागून आधार दातांचाच. पहिल्याच फुंकीला नवी कवळी निसटली ती थेट माझ्या भांड्यांच्या टबात. मी हसले, तर तीन दिवस अबोला.

नेमका तेव्हाच बँडचा गायक घरी उपटला. जुनी मंडळी एका कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र येणार होती.

"तू नुसतं तोंडाला लावून उभा राहा," तो म्हणाला. "आवाज रेकॉर्डिंगमधून येईल. कोण बघतंय?"

"मग पुतळा उभा कर की. मी कशाला?"

"हट्ट सोड रे. आता नाही जमायचं तुला."

दादा ट्रम्पेट पुसायला लागला. गायकाला तो होकार वाटला. तो नव्हता हे मला बरोबर कळलं, लहानपणापासून ओळखते मी त्याला.

दुसऱ्या दिवशी तो ट्रम्पेट घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. खुर्चीत बसून फुंकायचा, बाई कवळी घासायच्या, की पुन्हा फुंकायचा. असे चार हेलपाटे झाले. बाहेरचे पेशंट वैतागले. मी शिवणकाम करते, तेव्हा त्याचं बँडच्या वेळचं चकचकीत जाकीट माझ्याकडे आलं. "कमरेला दोन इंच सोड," म्हणाला. मी गुपचूप चार सोडले.

कार्यक्रमात रेकॉर्डिंग सुरू झालं. ट्रम्पेट घुमलं, आणि दादा आपलं ट्रम्पेट काखोटीला मारून स्वस्थ उभा! हॉलभर कुजबुज. गायकाचा चेहरा पडला. यंत्रावरच्या माणसाने घाबरून रेकॉर्डिंग बंद केलं.

मग दादाने ट्रम्पेट उचललं आणि स्वतः वाजवलं. आवाज बारीक होता, पण सरळ चालला होता. शेवटचा वरचा सूर मात्र फाटला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

माझं डोकं फिरलं. रडूही येत होतं, पण आधी मी उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "वन्स मोर!"

दादाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांदेखत अंगठ्याने कवळी वर दाबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तो सूर त्याच जागी पुन्हा फाटला. या वेळी दम संपेपर्यंत त्याने तो सोडला नाही.