आधी मांडा, मग मरण

आमच्या अक्कांचा, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंचा, कुणाच्याही मरणावर चटकन विश्वास बसत नसे. माझ्या तर मुळीच नाही. कारणही तसंच होतं. एके काळी मी महिन्यातून एकदोनदा मरायची आणि प्रत्येक वेळी चहाला हजर असायची.

पहिल्यांदा मेले ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकीच्या सासरची मंडळी जळगावहून अमळनेरला प्रथमच जेवायला आलेली. माझ्यासारखे मांडे कुणाला जमत नाहीत, असा माझा तोरा. हातांवर मांडा फिरवत होते, विहीणबाई टक लावून बघत होत्या आणि एकाएकी छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या, अंगाला गार घाम, श्वास पुरेना. मांडा कोपरापर्यंत लोंबतोय आणि मी निरोप घेतेय, "माझी पैठणी लेकीला द्या."

अक्का खापराचा जाळ सारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मरनं व्हई ते मर, पन पयले मांडा खापरवर टाक."

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं, रक्त तपासलं. सगळं ठणठणीत. हा पॅनिक अटॅक, म्हणाल्या. मला अपमानच वाटला. हृदयरोगी म्हणून मिरवायची माझी सगळी तयारी झाली होती.

"म्हणजे मला काहीच झालं नाही?"

"झालंय ना. त्रास खरा आहे, मरण तेवढं खोटं. धोका नसताना शरीर घाबरून उठतं. ताण, जागरणं, घराण्यातला स्वभाव, कारण एकच नसतं. आणि पुन्हा होईल या धास्तीनेच पुन्हा होतं."

"लेकीचं लग्न ठरलं तैपासून ही झोपलीच नाही," अक्कांनी लगेच चहाडी केली. "नुसती चहावर जगते."

गोळ्या मिळाल्या, श्वास सावकाश सोडायला शिकवलं. पण मी पडले शहाणी. जिथे मेले तिथे पुन्हा जायचं नाही, असा माझा स्वतःचा इलाज. आधी मांडे सुटले, मग बाजार, मग एसटी. वर्षभरात माझं अमळनेर स्वयंपाकघराएवढं उरलं.

आणि लेकीचे दिवस भरत आले. तिला दवाखान्यात ठेवलेलं, प्रवासाची मनाई, म्हणजे मीच जळगावला जायचं. मी अंथरूण धरलं. अक्कांनी माझी पिशवी भरली, मला बसमध्ये खिडकीपाशी कोंबलं आणि वाटेवर स्वतः बसल्या.

धरणगाव मागे पडलं आणि पुन्हा श्वास पुरेना. उतरवा मला, म्हणून मी उभी राहिले. कंडक्टर घाबरला, दोरीला हात घातला.

"चालू द्या, भाऊ," अक्का म्हणाल्या. "जळगावपर्यंत ही काही मरत नाही." सगळी बस बघायला लागली तशी माझ्याकडे वळून, "बठ्ठा लोके देखी राह्यनात, जरा हळू मर." माझं मनगट धरून त्यांनी पिंपळनेरच्या मावससासूची भानगड काढली. इतकी रंगवली की पुढच्या बाकावरची बाईसुद्धा मागे वळून बसली. मावससासू पळून जायच्या बेताला आली तेव्हा कधीतरी माझा श्वास जागेवर आला.

जळगावला उतरलो. पिशवी घ्यायला वाकले, तर माझ्या मनगटावर अक्कांच्या नखांचे लाल व्रण. अक्का मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. पोलकं घामाने चिंब, ओठ थरथरत होते.

"काय झालं, अक्का?"

"तू खरंच गेली असती म्हणजे?"

मी त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी पाजलं. श्वास सावकाश सोडा, म्हणून शिकवलं. लेक दवाखान्यात वाट बघत होती, पण अक्कांच्या ओठांचा थरकाप थांबेपर्यंत मी तिथून हलले नाही.